तेरा नंबरची पिन, आणि फझबद्दलचे इतर प्रश्न

मागच्या अंकात दोन ट्रान्झिस्टरच्या फझ पेडलचं, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या फझ फेस या डब्याचं, सर्किट दिलं होतं. शेवटी जाता जाता लिहिलं होतं, की सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी ट्रान्झिस्टर ॲरेचा आयसी घेऊनही हे जमतं. सर्किट राहिलं बाजूला, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आली. त्यातली काही इथे घेतो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

ज्यांनी ॲरे पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर चार-पाच ट्रान्झिस्टर बनवायचे आणि त्यांचे पाय (बेस, एमिटर, कलेक्टर) आयसीच्या पिनांवर काढून द्यायचे, एवढंच. सगळ्यात ओळखीचं नाव सीए३०४६. चौदा पिना, आत एनपीएन प्रकारचे पाच ट्रान्झिस्टर. आरसीए या अमेरिकन कंपनीचा माल. पुढे ती कंपनी १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे गेली, तिचा सेमीकंडक्टरचा धंदा १९८८ मध्ये हॅरिसकडे, तिथून १९९९ मध्ये इंटरसिल आणि २०१७ मध्ये रेनेसास. त्यामुळे एकाच आयसीवर वेगवेगळे शिक्के दिसले तर दचकू नका. एलएम३०४६ म्हणजे नॅशनल सेमीकंडक्टरचा तोच आयसी.

काका, ३०४६ मधले ट्रान्झिस्टर एकमेकांशी जुळलेले असतात असं डेटाशीटमध्ये आहे. फझ फेससाठी जुळलेली जोडी लागते असंही सगळे सांगतात. मग हाच आयसी घ्यावा ना?

सगळे सांगतात ते अर्धवट आहे. फझ फेस १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीने आणला तेव्हा त्यात जर्मेनियमचे पीएनपी (उलट ध्रुवतेचे) ट्रान्झिस्टर होते, आणि जर्मेनियमचं काम मोठं लहरी. एकाच पिशवीतल्या दोघांचा एचएफई (करंट किती पट वाढतो तो आकडा) दुप्पट-तिप्पट वेगळा आणि गळती निराळीच. त्यामुळे लोक त्यातून निवडून जोडी लावत. पण ती जोडी सारख्यांची नसते. पहिला ७० ते ८० चा, दुसरा ११० ते १३० चा, असे निवडले की ते सर्किट खुलतं. म्हणजे ३०४६ ज्या गुणाचे पैसे घेतो तो गुण फझ फेसला नकोच आहे.

तरीही तो फझ फेसमध्ये मला आवडतो, आणि कारण वेगळं आहे. त्याचा एचएफई साधारण १०० आहे. आज जे सिलिकॉन ट्रान्झिस्टर सर्रास हाताशी येतात, बीसी५४९सी किंवा २एन५०८८ सारखे, ते तीनशे, पाचशे, कधी त्याहून वरचे. त्यांचा फझ कर्कश होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज हवा तसा साफ होत नाही. शंभराचा ट्रान्झिस्टर मात्र व्हॉल्यूम सातवर आणला की शहाण्यासारखा वागतो. (बीसी५४७ए सुद्धा ११० ते २२० मध्येच येतो. ॲरे मिळाला नाही म्हणून काम अडवून ठेवू नका.)

आता बायसचं, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट बसवायचे त्याचं. इथे बहुतेक जण जर्मेनियमच्या किमती जशाच्या तशा उचलतात आणि मग आवाज गुदमरलाय म्हणून पत्र लिहितात. एकदा हिशोब करून बघा. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ के (किलो-ओम) चा रेझिस्टर आहे. ९ व्होल्टवर त्यातून सुमारे ०.२३ मिलिअँप जातो. एचएफई १०० म्हणजे बेसला २.३ मायक्रोअँप लागणार, आणि ते दुसऱ्याच्या एमिटरकडून १०० के मधून येतात, म्हणजे १०० के वर ०.२३ व्होल्ट. त्यात बेस-एमिटरचे ०.६५ मिळवा. दुसऱ्याच्या एमिटरवर झाले जवळपास ०.९ व्होल्ट. तिथे १ के चा पॉट (बटणाने फिरवायचा रेझिस्टर) आहे, म्हणजे करंट ०.९ मिलिअँप. हा करंट ८.२ के आणि ४७० ओममधून गेला की पावणेआठ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि कलेक्टरवर सव्वा व्होल्ट उरतो. आपल्याला हवेत साडेचार. म्हणून ८.२ के च्या जागी १० के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) लावा, मल्टिमीटर कलेक्टरवर ठेवा आणि ४.५ येईपर्यंत फिरवा. प्रीसेट साडेचार के च्या आसपास थांबेल. पाचशेच्या एचएफईवाल्या ट्रान्झिस्टरला तोच प्रीसेट सहा के च्या जवळ थांबतो. मूळ ८.२ के आलं कुठून, तर जर्मेनियमचं बेस-एमिटर ०.२ च्या आसपास असतं, करंट अर्ध्यावर येतो आणि गणित बरोबर जुळतं.

साडेचार हा आकडा काही पवित्र नाही. प्रीसेट बंद करण्याआधी तीनपासून सहापर्यंत फिरवून ऐका. खालच्या टोकाला आवाज दाटतो, वरच्या टोकाला शेपटी तुटक होते. मला स्वतःला पाचच्या आसपास आवडतो.

सर, ३०४६ च्या १ ते ५ पिना वापरून फझ फेस जोडला. काहीच वाजत नाही. फार जोरात तार मारली तर थोडी फरफर येते. पिन २ वर शून्य, पिन ४ वर ०.७, पिन ५ वर ०.१ व्होल्ट. फझचा पॉट फिरवून काही फरक नाही. आयसी गेला का?

आयसी ठणठणीत आहे. व्होल्टेज मोजून पाठवलंत, त्याबद्दल आभार. "वाजत नाही हो" एवढंच लिहिणाऱ्यांनी हे पत्र पुन्हा वाचावं.

पिन ३ बघा. ३०४६ मधल्या पहिल्या दोन ट्रान्झिस्टरांचे एमिटर आतच जोडून पिन ३ वर काढलेले आहेत. तुम्ही पहिल्याचा एमिटर ग्राउंड केलात, त्याच क्षणी दुसऱ्याचाही ग्राउंड झाला. १ के चा पॉट शॉर्ट झाला, म्हणून तो फिरवून काही होत नाही. १०० के चं एक टोक ग्राउंडला गेलं, म्हणून पहिल्याच्या बेसला करंटच नाही: पिन २ वर शून्य. पहिला बंद, त्यामुळे ३३ के चा सगळा करंट दुसऱ्याच्या बेसमध्ये: पिन ४ वर ०.७. दुसरा पूर्ण बसला, म्हणजे पुरता उघडून सॅच्युरेट झाला: पिन ५ वर ०.१. तुमचे तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगताहेत.

तिसरा आणि चौथा वापरा, त्यांचे तिन्ही पाय मोकळे आहेत. पहिल्या टप्प्याला बेस ६, एमिटर ७ (ग्राउंड), कलेक्टर ८. दुसऱ्याला बेस ९, जो ८ ला जोडायचा, एमिटर १० वर १ के चा पॉट, कलेक्टर ११ वर प्रीसेट. १०० के पिन १० आणि ६ च्या मध्ये. उरलेल्या १ ते ५, आणि १२, १३, १४ सगळ्या ग्राउंडला.

शेवटच्या तिघांपैकी १३ हा मुख्य मुद्दा. ती पाचव्या ट्रान्झिस्टरची एमिटर आहेच, शिवाय तीच आयसीच्या सबस्ट्रेटची पिन आहे. सगळे ट्रान्झिस्टर ज्या पी प्रकारच्या सिलिकॉनवर बसलेत ते हे सबस्ट्रेट. प्रत्येक कलेक्टर आणि सबस्ट्रेट यांच्यामध्ये एक डायोड आपोआप तयार झालेला असतो, आणि तो नेहमी उलटा राहायला हवा. म्हणून तेरा नंबर सर्किटमधल्या सगळ्यात खालच्या व्होल्टेजला. पाचवा ट्रान्झिस्टर वापरत नसलात तरीही. अधांतरी सोडलात तर ब्रेडबोर्डवर कधी चालेल, कधी हं-हं करेल, कधी एका टप्प्याचा आवाज दुसऱ्यात शिरेल, आणि तुम्ही चार दिवस कपॅसिटर बदलत बसाल.

फझमध्ये हे जास्तच जाणवतं, कारण फझचं पोटच सॅच्युरेशनवर आहे. एनपीएन सॅच्युरेट झाला की बेस-कलेक्टर पुढच्या दिशेने वाहू लागतं, आणि बेस, कलेक्टर, सबस्ट्रेट मिळून जो एक चोरटा पीएनपी बनतो तो जागा होतो. बेसचा काही करंट थेट सबस्ट्रेटमध्ये ओततो. सुट्या ट्रान्झिस्टरात हा प्रकार नाही. पिन १३ जाड, आखूड तारेने ग्राउंडला असली की हा करंट निमूटपणे निघून जातो.

दोन ट्रान्झिस्टर फझला लागले, तीन उरले. बेस-कलेक्टर जोडून त्यांचे क्लिपिंग डायोड (लाटेची टोकं कापणारे) करता येतील का? व्हॉल्यूम पॉटच्या आधी ग्राउंडला लावायचे आहेत.

करता येतात, पण ग्राउंडला नको. कारण वरच आलं: सबस्ट्रेट. आउटपुट कपॅसिटरच्या पुढे सिग्नल ग्राउंडच्या वरही जातो आणि खालीही. ज्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर सिग्नलला लावलाय तो सिग्नलबरोबर ग्राउंडच्या खाली जाईल, आणि अर्ध्या व्होल्टच्या आसपास कलेक्टर-सबस्ट्रेटचा डायोड वाहू लागेल. क्लिपिंग होईल, पण तुम्ही लावलेल्या डायोडचं नाही, आणि तो करंट सबस्ट्रेटमधून बाकीच्या टप्प्यांच्या खालून फिरेल.

उपाय सोपा आहे. सप्लायचा मध्य काढा: १० के चे दोन रेझिस्टर ९ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, मधल्या बिंदूवर ४७ मायक्रोफॅरड. डायोडची जोडी, एक सुलटा एक उलटा, सिग्नल आणि या मधल्या बिंदूमध्ये लावा. सिग्नललाही १०० के ने त्याच बिंदूवर बसवा आणि व्हॉल्यूमला जाताना आणखी एक कपॅसिटर घाला. आता सगळं साडेचार व्होल्टच्या वर-खाली हलेल आणि कुठलाही कलेक्टर सबस्ट्रेटच्या खाली जाणार नाही.

यासाठी पहिला आणि दुसरा, दोघेही घ्यावेसे वाटतील. एमिटर सामाईक असले तरी अडत नाही असं वाटेल, पण अडतं: सामाईक एमिटरमुळे सुलटा-उलटा जोडता येत नाही. म्हणून पहिला डायोड ॲरेतला (पिन १ आणि २ एकत्र, पिन ३ दुसरं टोक, पिन ४ आणि ५ पिन ३ लाच जोडून टाका) आणि उलटा डायोड बाहेरचा १एन४१४८. दोघांचे आवाज किंचित वेगळे पडतात, तेवढं चालतं. खरं सांगू का, दोन्ही १एन४१४८ लावले तरी कानाला काही कळणार नाही. पण तुमची हौस मी समजू शकतो.

दादा, ॲरे फझ फेसला नको, मग नेमका कशाला हवा?

ऑक्टेव्हला, म्हणजे वाजवलेल्या सुराच्या एक सप्तक वरचा सूर काढणाऱ्या फझला. हाच प्रश्न यावा अशी माझी इच्छा होती.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये शिन-एईने बनवलेला आणि युनिव्हॉक्सच्या नावाने विकलेला सुपर-फझ आठवा. त्यात सहा ट्रान्झिस्टर होते. त्यातला एक सिग्नलच्या दोन प्रती काढतो, एक सुलटी, एक उलटी. त्या दोन ट्रान्झिस्टरांच्या दोन बेसना जातात. त्या दोघांचे कलेक्टर एकत्र जोडलेले, एमिटरही एकत्र. ज्याचा बेस त्या क्षणी वर आहे तो वाहतो, दुसरा गप्प बसतो. परिणामी लाटेचा खालचा अर्धा भाग दुमडून वर येतो, एका लाटेत दोन उंचवटे होतात, आणि कानाला एक सप्तक वरचा सूर ऐकू येतो.

आता हे दोघे सारखे नसतील तर काय होतं ते बघा. समजा एकाचं बेस-एमिटर दुसऱ्यापेक्षा ३० मिलिव्होल्टने कमी आहे. सुटे ट्रान्झिस्टर न मोजता लावले तर एवढा फरक सहज पडतो. तार नुकतीच छेडली आहे, बेसवर अर्धा व्होल्ट सिग्नल आहे, तेव्हा ३० मिलिव्होल्ट कुणाला जाणवत नाहीत. पण सूर विरत जातो. सिग्नल शंभर मिलिव्होल्टवर, मग पन्नासवर येतो, आणि तेव्हा एक ट्रान्झिस्टर दुसऱ्याला वाहूच देत नाही. दोन वल्ह्यांपैकी एक आखूड असल्यासारखं होतं. दोन उंचवट्यांपैकी एक मोठा, एक छोटा, आणि वरचा सूर विझून मूळ सूर डोकावतो. पेडल सुरुवातीला छान ओरडतं आणि अर्ध्या सेकंदात साधं फझ होऊन बसतं, ही तक्रार इथूनच येते.

३०४६ मधल्या पहिल्या जोडीचा फरक डेटाशीटप्रमाणे ५ मिलिव्होल्टच्या आत असतो. तेवढा वेळ ऑक्टेव्ह जास्त टिकतो. आणि मघाशी ज्या सामाईक पिन ३ ने आपल्या वाचकाला छळलं, तीच इथे सोय होते: या सर्किटला एमिटर एकत्रच हवेत. फक्त १ आणि ५ बाहेरून जोडायच्या.

तापमानाचाही मुद्दा आहे. सिलिकॉनचं बेस-एमिटर दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं. सुटे ट्रान्झिस्टर मल्टिमीटरवर जुळवताना एकाला चिमटीत धरलं, की बोटांच्या उबेने आकडा हलतो आणि तुम्ही जुळवलेली जोडी टेबलावर थंड झाल्यावर जुळत नाही. ॲरेत दोघे एकाच तुकड्यावर आहेत. एक तापला की दुसराही तापतो, फरक जागच्या जागी.

मी हे असं मांडतो. चौथा ट्रान्झिस्टर आधी, सिग्नल वाढवायला. मग तिसरा, प्रती काढायला: कलेक्टरला ४.७ के, एमिटरला ४.७ के, दोन्ही एक टक्क्याचे मेटल फिल्म, आणि बेस तीन व्होल्टच्या आसपास बसवलेला. हे दोन रेझिस्टर पाच टक्क्यांचे कार्बन घेतलेत तर ॲरेवर केलेला खर्च पाण्यात, कारण दोन प्रतीच असमान निघतील. दोन्ही प्रती ०.१ मायक्रोफॅरडच्या सारख्या कपॅसिटरांतून पिन २ आणि ४ ला. दोन्ही बेसना १०० के ने एकाच बायस बिंदूवर बांधा, आणि तो बिंदू प्रीसेटने हलवता येईल असा ठेवा. जोडी जेमतेम वाहायला लागते तिथे ऑक्टेव्ह सर्वांत स्वच्छ येतो. मग पाचवा, ज्याचा एमिटर तसाही ग्राउंडलाच राहणार आहे. त्याला कलेक्टरला १० के आणि कलेक्टर ते बेस १ मेग. शंभरच्या एचएफईला कलेक्टर पावणेपाच व्होल्टच्या आसपास येतो. झाले पाचही कामाला लागले.

वाजवताना नेक पिकअप, टोन पूर्ण खाली, बाराव्या फ्रेटच्या वर, एका वेळी एकच तार. कॉर्ड वाजवलात तर गोंगाट येईल, तो दोष आयसीचा नाही.

यूएलएन२००३ माझ्याकडे पडून आहेत. त्यात तर सात ट्रान्झिस्टर आहेत!

सात डार्लिंग्टन (एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रान्झिस्टरांच्या जोड्या) आहेत, आणि ते रिले न् स्टेपर मोटर ओढायला बनवलेत. सातही एमिटर पिन ८ वर एकत्र. प्रत्येक इनपुटला आतच २.७ के, आणि बेसवरून एमिटरकडे आतच ७.२ के आणि ३ के बसवलेले. त्यामुळे ४७० के ने बायस करायला गेलात तर सगळा करंट त्या आतल्या रेझिस्टरांतूनच निघून जाईल आणि ट्रान्झिस्टर उघडणारच नाही. त्याला जागं करायला त्याहून बराच लहान रेझिस्टर लागेल, आणि तेवढ्या कमी इनपुट रेझिस्टन्सने गिटारचा पिकअप गळपटतो. आधी एक बफर टप्पा लावून, बायस मुद्दाम कमी ठेवून, वेल्क्रो ओढल्यासारखा तुटक आवाज हवा असेल तर करून बघा. फझ फेस किंवा ऑक्टेव्ह त्यात होणार नाही.

३०४६ मिळत नाही. दुसरं काय घ्यावं? नुसते नंबर सांगितले तरी चालतील.

नुसते नंबर सांगून फसवणार नाही, पण थोडक्यात सांगतो.

सीए३०८६ म्हणजे त्याच पिनांचा, जुळणीची हमी नसलेला भाऊ. फझ फेसला अगदी योग्य, आणि माझ्या खोक्यात मी हाच जास्त ठेवतो. सीए३०८३ सोळा पिनांचा, पाचही ट्रान्झिस्टर पूर्ण सुटे, करंट १०० मिलिअँपपर्यंत, सबस्ट्रेट पिन ५ वर. सामाईक एमिटरची कटकट नको असेल तर हा. बिग मफ या फझ पेडलसारखं चार टप्प्यांचं सर्किट एका आयसीत बसवायचं असेल तर मी ३०४६ च्या आधी याला हात घालीन, कारण तिथे जवळपास प्रत्येक टप्प्याला एमिटर रेझिस्टर लागतो आणि ३०४६ चा पाचवा त्यासाठी निकामी आहे. सीए३०९६ मध्ये तीन एनपीएन आणि दोन पीएनपी आहेत. एनपीएन चांगले तगडे, पीएनपी मात्र मंद आणि कमी एचएफईचे. पीएनपी फझ फेस करायच्या आशेने घेऊ नका.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर दॅट कॉर्पोरेशनचा ३००: चार एनपीएन, फारच कमी नॉइज, ३६ व्होल्ट सोसतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टर इन्सुलेटरच्या थराने वेगळा केलेला आहे. चोरट्या पीएनपीचं वर सांगितलेलं पुराण त्याला लागू नाही. ऑक्टेव्हसाठी उत्तम. साध्या फझसाठी उधळपट्टी.

एचएफए३०४६ हे नाव बघून फसू नका. शेवटचे चार आकडे तेच, पण तो ८ गिगाहर्ट्झचा, रेडिओच्या कामाचा. शिवाय कलेक्टर-एमिटरला ८ व्होल्टचीच मर्यादा. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये तो नकोच.

साध्या ३०४६ ची मर्यादा १५ व्होल्ट आहे, हेही लक्षात असू द्या. १८ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर 'हेडरूम' वाढवायचे प्रयोग त्याच्यावर करू नयेत.

जर्मेनियमचा ॲरे मिळतो का?

नाही. गंमत अशी, की जॅक किल्बीने १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जो पहिला आयसी दाखवला तो जर्मेनियमचाच होता. पण पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डच्या जाँ होर्नीने प्लेनर पद्धत काढली. ती सिलिकॉनच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या घट्ट थरावर उभी आहे. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो, तो कसलं संरक्षण करणार? जर्मेनियमचा मऊपणा हवा असेल तर ३०८६ घ्या आणि पुढच्या उत्तरातला छोटा कपॅसिटर जरा मोठा लावा.

पेडल चालू केलं की रेडिओची बडबड ऐकू येते. केबल बदलून पाहिली.

केबल निर्दोष आहे. ३०४६ मधले ट्रान्झिस्टर काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत चालतात, आणि पहिल्या टप्प्याचं बेस-एमिटर म्हणजे फुकटात मिळालेला डिटेक्टर (रेडिओच्या लहरींतून आवाज वेगळा काढणारा). पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये (तिसरा वापरला असेल तर पिन ६ आणि ८) ४७ ते १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावा, आयसीला जितका चिकटून जमेल तितका. इनपुटच्या तारेत १ के टाका. २२० पिकोफॅरडपर्यंत गेलात तर वरचे सूर मऊ होतात. वर जर्मेनियमबद्दल म्हणालो ते हेच. आणि डबा धातूचा घ्या, प्लॅस्टिकचा नको.

काका, मागवलेला ३०४६ खरा आहे की शिक्का पुसून नवा मारलेला, हे सोल्डर करण्याआधी कसं ओळखायचं?

मल्टिमीटर डायोडवर. लाल प्रोब पिन १३ वर, काळा एकेक करून १, ५, ८, ११, १४ वर. पाचही ठिकाणी ०.६ ते ०.७ च्या आसपास दिसलं पाहिजे. हे ते कलेक्टर-सबस्ट्रेटचे डायोड, आणि असा ठसा दुसऱ्या कुठल्या आयसीत सहजासहजी जुळत नाही. मग लाल प्रोब ११ वर, काळा बाकी सगळ्या पिनांवर फिरवा. कुठेच काही दिसता कामा नये, कारण ११ म्हणजे एक कलेक्टर. चौदा पिनांचा एखादा चार-ऑपॲम्पवाला आयसी नवा शिक्का मारून आला असेल तर त्याची ११ सहसा सप्लायची ऋण बाजू असते आणि तिथून भराभर आकडे येतात. तिथेच पकडला जातो.

३०८६ ला ३०४६ म्हणून विकला असेल तर या तपासणीत कळणार नाही. त्यासाठी लाल २ वर, काळा ३ वर ठेवून आकडा लिहा. मग लाल ४ वर, काळा ३ वरच. बहुतेक मीटर डायोड तपासताना १ मिलिअँपच्या जवळपास करंट सोडतात, आणि डेटाशीटमधली ५ मिलिव्होल्टची हमीही १ मिलिअँपलाच आहे. दोन आकड्यांत पाचपेक्षा जास्त फरक आला तर ऑक्टेव्हसाठी तो बाजूला ठेवा आणि फझ फेसमध्ये खुशाल लावा. आणि आयसी थेट सोल्डर करू नका, सॉकेट लावा. सॉकेट असलं की दोन-चार आयसी बदलून ऐकता येतात.